चार तिकिटांचं माहेरपण

विहीणबाई, तुमच्या तेराव्याला मी जेवले नाही असं कुणी तुमच्यापर्यंत पोचवलं असेल, तर ते साफ खोटं आहे. मी बुंदी मागून घेतली. तुमच्या घरच्या बुंदीत वेलदोडा कमी असतो, ही माझी तक्रार आपल्या पोरांच्या लग्नापासूनची. यंदा तो बरोबर पडला होता. ते सांगायला म्हणून मी मान वळवली, तर शेजारी तुम्ही नव्हता. मग मात्र घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

पंगतीत कुणीतरी म्हणालं, "विहिणी-विहिणींचं एवढं कसं काय जमलं?" मी मनात म्हटलं, जमलं कुठं होतं? आपण भांडत होतो आणि भांडण पुरं होत नव्हतं, म्हणून पुन्हा भेटत होतो. काष्टी ते नगर काही लांब नाही, पॅसेंजर गाडी आहे, आणि तुमच्याकडे विषय कधी संपला नाही.

सुरुवात तर मीच केली होती. माधव-शालनच्या लग्नात मी वरमाई. पन्नाशीला टेकलेली, शाळामास्तरांची बायको, घरी स्टोव्हला पिन मारणारी. पण त्या दिवशी माझ्या अंगात कुठली तरी महाराणी शिरली होती. जानवशापासून मांडवापर्यंत पायघड्या अंथरायच्या, त्या तुमच्याकडच्या मारुतीच्या देवळापाशी संपल्या. मी थांबले. डावा पाय शेवटच्या पायघडीवर आणि उजवा अधांतरी. मागं सगळं वऱ्हाड आणि डोक्यावर वैशाखाचं ऊन. "जमिनीला पाय लावणार नाही" असं मी तोंडानं म्हटलं नव्हतं, पण ते काष्टीतल्या शेरडांनासुद्धा कळलं होतं. मग गर्दीतून तुम्ही आलात, पदर खोचलेला, हातात एक पोतं. ते माझ्यापुढं फटकन झटकून अंथरलंत.

"घ्या इहीनबाई. साखरंचं पोतं हाय, ज्वारीचं न्हाई, मान कमी पडायचा न्हाई. ठिवा पाय. न्हाईतर तुमचा पाय खाली येईस्तवर पोरांची पोरं व्हतील."

सगळं वऱ्हाड हसलं. मास्तरसुद्धा तोंडाला उपरणं लावून हसले. मी तेवढी हसले नाही. गाल फुगवून त्या पोत्यावरून गेले आणि चार दिवस पायाला साखर चिकटल्याचा भास होत राहिला. आता त्या बाईची आठवण आली की तिला हाताला धरून सांगावंसं वाटतं, अगं, टाक पाय, खाली जमीनच आहे.

लग्नानंतर माधव अमेरिकेला गेला, मागोमाग शालन गेली, आणि आपल्या दोघींच्या घरी एकाच दिवशी लिहिलेली दोन पत्रं यायला लागली. एक नगरला, एक काष्टीला. तुमचं पत्र जाड असायचं. मी पोस्टमनला विचारायची, "काष्टीच्या पाकिटाला किती तिकिटं लागतात हो?" त्याला काय ठाऊक! पण तुमचं पत्र जाड असतं हे मला आतून माहीत होतं, आणि ते मला खुपायचं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. आज सांगून टाकते, कारण आता तुम्ही त्यावर काही बोलू शकत नाही.

मग एकदा तुम्ही पाकीट घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आलात. पाटावर बसायच्या आधी म्हणालात, "इहीनबाई, जावयाला पगार पुरत न्हाई व्हय?"

"का? काय झालं?"

"तिकिटं बगा की. वर न् खाली दातच न्हाईत. बाजूला तेवढं हायत. कुठली कडंची, सोस्त मिळनारी आनतोय का काय?"

मी पाकीट हातात घेतलं. खरंच, तिकिटांच्या डाव्या-उजव्या कडा दातेरी आणि वरची-खालची कड सपाट, सुरीनं कापल्यासारखी. मला ओ की ठो कळलं नाही. पण मास्तरांच्या घरात "माहीत नाही" म्हणायची पद्धत नव्हती. मी चष्मा वर केला आणि सांगितलं, "अमेरिकेत दात यंत्रानं पाडतात. दोन बाजूंचे पाडून होईपर्यंत पुढचं तिकीट येतं. तिकडे वेळेला फार किंमत असते."

तुम्ही ते खरं मानलंत. नुसतं मानलं नाहीत, काष्टीच्या बाजारात शेवग्याच्या शेंगांबरोबर सगळ्यांना वाटलंत. नंतर माधवचं उत्तर आलं. ही तिकिटं म्हणे कागदाच्या तावावर छापून येत नाहीत, रिबिनीसारखी लांबलचक गुंडाळी असते. दुकानाच्या भिंतीवर एक पेटी, त्या पेटीत गुंडाळी. नाणं टाकलं की तिकीट जिभेसारखं बाहेर येतं. एकाला एक लागून एकाच ओळीत असतात, म्हणून जिथं जोडलेली तिथं दात, आणि वर-खाली सरळ कापलेली.

मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही पाटावरून पुढं सरकलात.

"म्हंजी येळेची किंमत ते खोटं."

"थोडं खोटं."

"लई मोठ्यानं सांगितलं हुतं तुमी. मला वाटलं खरं असंल."

त्या दिवसापासून आपल्याला गुंडाळीचा नाद लागला. पाकिटावरची तिकिटं आपण सुटी करत नव्हतो, अख्खी ओळ कागदासकट कापून ठेवत होतो. त्याचं श्रेय आमच्या गल्लीतल्या नानांना. नाना पेन्शनर, जन्मभर तिकिटं जमवली, लग्न केलं नाही; विचारलं तर म्हणायचे, घरात जागा कुठाय. मी एकदा मोठ्या फुशारकीनं पाण्यात भिजवून सुटं केलेलं एक तिकीट त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे गुंडाळीचं आहे हे आता मी कशावरून मानायचं? साध्या तावातलं तिकीट घ्या, वरचे-खालचे दात कात्रीनं उडवा, झालं गुंडाळीचं. असे कापून फसवणारे पुष्कळ बसलेत. दोन तरी जोडून असली म्हणजे थोडा भरवसा. चार जोडलेली असली तर उत्तमच. एकटं तिकीट म्हणजे साक्षीदार नसलेला माणूस."

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मंग नाना सोता कशावरनं खरं?" मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

पण नानांकडून आपण शिकलो खूप. चित्र तिकिटाच्या मधोमध बसलेलं पाहिजे, एका अंगाला सरकलेलं नको. कोऱ्या तिकिटाचा मागचा गोंद जसाच्या तसा पाहिजे. जीभ लावली की संपलं, पावसाळ्यात वहीत दाबून ठेवली तरी चिकटून संपलं. आणि पट्टी दातांवर दुमडायची नाही. दुमडली की दात कमजोर होतात, कधी उसवतील नेम नाही. तुम्हाला हे पहिल्या झटक्यात कळलं. "नव्या लुगड्याचंच की हे. घडी मोडली की दुकानदार परत घेत न्हाई."

मग ती पट्टी आली. शालनला दिवस गेले होते. तिच्या घरमालकीणबाई, एकट्या राहणाऱ्या, नवरा वारलेला. त्या म्हातारीनं शालनचं सगळं आईसारखं केलं. ओकाऱ्या होत होत्या तेव्हा तिला भात शिजवून दिला, मिठाशिवाय का होईना. तिच्या नवऱ्याला तिकिटांचा छंद होता. त्याच्या ठेव्यातली एक जुनी, कोरी पट्टी तिनं शालनला दिली. तुझ्या दोन्ही आयांना, म्हणाली. कुणी ओळखीचे गृहस्थ इकडे येत होते, त्यांच्याबरोबर ती नगरला आली. चार तिकिटं, एकाला एक जोडलेली. प्रत्येकावर तोच चेहरा, मागं केस बांधलेला. बरोबर शालनची चिठ्ठी: दोघींना मिळून आहे, कापू नका.

मी नानांना बोलावलं. त्यांनी भिंग लावलं आणि त्यांचा चहा थंड झाला. नानांच्या हयातीत असं पूर्वी घडलं नव्हतं. पट्टीच्या बरोबर मधोमध, दुसऱ्या आणि तिसऱ्या तिकिटाच्या मध्ये, दातांवरून एक उभी रेघ होती. मी म्हटलं, "डाग आहे वाटतं?"

"डाग! वहिनी, छापायच्या यंत्रावर दोन वाकवलेले पत्रे असतात. ते जिथं एकमेकांना भिडतात तिथं बारीक फट राहते, फटीत शाई साचते, आणि कागदावर रेघ उमटते. प्रत्येक जोडीत थोडीच येते! लांब गुंडाळीत मधूनच कुठं तरी. रेघ असलेली जोडी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात. तुमच्याकडे ती चारच्या पट्टीत आहे, आणि मधोमध आहे."

तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. रीतीप्रमाणे आधी मानाचा प्रश्न निघाला. तुम्ही म्हणालात, "त्यात काय. दोन तुमाला, दोन मला." आणि नाना, जे कधी मोठ्यानं बोलत नाहीत, ते किंचाळले. कारण दोन-दोन करायची तर कात्री बरोबर त्या रेघेवरून जाणार होती. सारखी वाटणी झाली असती आणि हातात काही उरलं नसतं.

मग मी म्हटलं, मुलाकडची बाजू म्हणून पट्टी माझ्याकडे राहू दे. माझ्यातली ती पायघडीवाली अजून गेली नव्हती.

"पोटुशी कोन हाय?" तुम्ही विचारलंत. "तुमचा ल्योक का माझी लेक?"

नाना खोकत बाहेर गेले. तोडगा शेवटी तुम्हीच काढलात. पट्टीला एक घर नको, दोन असू देत. पंचमीला लेकी माहेरी येतात, तशी ही काष्टीला यायची आणि संक्रांतीला नगरला परत. "शालन काय ह्या पंचमीला येत न्हाई, पुढच्या येत न्हाई. तिच्या नावानं ही येऊ दे." तुम्ही हे हसत म्हणालात. मी पण हसले. पण मी चहाचं आधण ठेवायला उठले ते, तुमच्या डोळ्यांकडे बघायला नको म्हणून.

तशी ती फिरायला लागली. पत्र्याच्या चपट्या डबीत, पातळ गुळगुळीत कागदाच्या घडीत. डबीबरोबर तुम्ही ओटीचे तांदूळ पाठवायचात, मी सुपारी ठेवायची. नाना म्हणायचे, "अहो, ओटी कसली भरताय पट्टीची! तांदळाचा कण आत गेला तर गोंदावर खूण पडेल." आपण त्यांच्यासमोर मान हलवायचो. काष्टीत तुम्ही डबी ज्वारीच्या कणगीत खोल ठेवत होता, दमट लागू नये म्हणून. ते ऐकून मला धडकी भरली होती. पण सांगते, पट्टी तुमच्याकडून जितकी कोरडी ठणठणीत यायची तितकी माझ्याकडून कधी गेली नाही.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही. तुमची कणगी रिकामी झाली आणि रेशनवर ती अमेरिकेची लाल ज्वारी आली. तुम्ही म्हणालात, "पोरगी तिकडं दिली आन् ज्वारी इकडं आली. अदलाबदल वाईट न्हाई, पर भाकरी काय फुगंना." तशाही दिवसांत तुम्ही कुरकुरला नाहीत. फक्त रिकाम्या कणगीत डबी ठेवावीशी वाटेना, म्हणून ती देव्हाऱ्यात ठेवलीत. आणि इथंच घोटाळा झाला.

या संक्रांतीला तुम्ही डबी घेऊन आलात. मी उघडली. पहिल्या तिकिटावरच्या चेहऱ्याच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. गालावर हळदीचं बोट. ओला हात लागल्यानं तिकिटाचं ते टोक वर वळलेलं.

"विहीणबाई! हे काय?"

"निघाली न्हवं सासरी? लेक निघाली की कुंकू लावत्यात."

"अहो, पण साहेबाला? पुरुषाला टिळा लावतात!"

तुम्ही डबी ओढून घेतलीत, डोळ्यांजवळ नेलीत. "सायेब हाय हा? केस बांधल्यात मागं. मला वाटलं, शालनची घरमालकीन."

मी हसले. इतकी हसले की पदर तोंडात कोंबावा लागला. त्या देशाचा कुणी थोर गृहस्थ, गेली किती वर्षं तुम्ही त्याला बाई समजून कणगीत झोपवत होता! तुम्हीही हसलात, डोळे पुसत. मग एकदम मला काहीतरी आठवलं आणि मी म्हटलं, "पण ती घरमालकीण तर विधवा आहे. तुम्हाला माहीत होतं की."

"व्हय, ठाऊक हुतं."

"मग?"

"मंग काय? माझ्या लेकीचं तिनं आईवानी केलं. तिला कुंकू लावायचं न्हाई तर कुनाला लावायचं? नवरा गेला म्हनून मान जातोय व्हय?"

विहीणबाई, मास्तरांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. संक्रांतीचे दिवस. शेजारच्या घरी हळदीकुंकू चाललेलं, बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि मला कुणी बोलावलेलं नव्हतं, बोलावणार नव्हतं, आणि मीही ते ठीकच आहे असं धरून स्वयंपाकघरात गूळ चिरत बसले होते. तुम्ही हे माझ्याकडे बघून म्हणाला नाहीत. डबीकडे बघून म्हणालात. त्यावर मी काय बोलले? मी म्हटलं, "गोंद खराब झाला तो झालाच." असं बोलले मी. मला तुम्हाला जे म्हणायचं होतं ते ओठांपर्यंत आलं आणि तिथून वळून गोंदाबद्दल बाहेर पडलं.

नानांनी भिंग लावून पाहिलं. मग म्हणाले, "चारची पट्टी म्हणून आता हिच्यात राम नाही. पण मधली जोडी स्वच्छ आहे, रेघ तिच्यातच आहे. दोन्ही टोकांची कापून काढली तर मधलीला अजून चांगलं गिऱ्हाईक मिळेल. पुण्यात एकजण आहेत."

तुम्ही पट्टी डबीत घातलीत आणि झाकण लावलंत. "कुंकू लावलेलीला तोडून टाकायचं, आन् मधल्या दोगी बाजारात? नानांना लेक न्हाई म्हनून आसं बोलत्यात."

मी नानांची बाजू घेतली. वस्तूची किंमत वस्तूला कळत नाही, ती आपण राखायची, असं काहीतरी भाषण केलं. तुम्ही पॅसेंजरला उशीर होतोय म्हणून उठलात. भांडण तिथंच राहिलं.

त्यानंतर तुम्ही आजारी पडल्याचं कळलं. मी काष्टीला आले तेव्हा तुम्ही ओसरीवर खाटेवर होता, आवाज अगदी तळाला गेलेला. तुमची सून कमल उशाशी. मी संत्री आणली होती. तुम्ही म्हणालात, आंबट असतील. मग मला खुणेनं जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता काही निरोप, शालनसाठी काही.

"पट्टी कापली तर न्हाई?"

"नाही."

"कापशीला. तुमी लई हुशार. म्हनून इचारलं."

हे आपलं शेवटचं बोलणं. माणसं काय काय बोलून जातात म्हणे. तुम्ही मला तंबी देऊन गेलात.

शालनला येता आलं नाही. पोर लहान, तिकीट महाग, आणि तार पोचेपर्यंत सगळं होऊनही गेलं होतं. मग तिचं पत्र आलं. या वेळी नगरचं पत्र जाड होतं, विहीणबाई. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. रडून रडून लिहिलेलं. शेवटी एक ओळ: "आई, पंचमीला पट्टी काष्टीला जायची असते. यंदा कुणी नेणार नाही ना? आपलं विचारते."

ती पट्टीबद्दल विचारत नव्हती, एवढं मलाही कळतं. आई गेल्यावर माहेरचं दार असतं की नसतं, हे तिला विचारायचं होतं. भाऊ आहे, पण तुमचा लेक मितभाषी; शेतात राबणारा, पत्र लिहिणारा नव्हे. कमल काय करेल, याचा मला तरी काय अंदाज? तुमच्या पाठीमागं चहाचा कप घेऊन येणारी आणि तशीच आत जाणारी, एवढीच ती मला माहीत. त्यातून घरात मृत्यू झालेला. वर्षभर सण नाही. पंचमीला काष्टीहून कुणी येईल हे संभवतच नव्हतं.

मग मी ठरवलं की आपण शालनला ट्रंक कॉल करायचा. निदान माणसाचा आवाज तिच्या कानावर पडेल. पण अमेरिकेचा फोन म्हणजे काही चेष्टा नाही, आणि मास्तरांच्या पेन्शनीत तो बसत नव्हता. मी नानांना म्हटलं, "तुमच्या पुण्याच्या गृहस्थांना अजून ती जोडी हवी आहे का?"

हवी होती. नानांना पुण्याला जायचंच होतं. ते पंचमीच्या सकाळी आले, चिमटा आणि एक बारीक कात्री घेऊन. मी डबी उघडली. पाटावर पांढरा रुमाल अंथरला, त्यावर पट्टी. कुंकू जरा फिकं पडलं होतं. कापायचं ते कुठून, हे नानांनी बोटानं दाखवलं. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. माझ्या दृष्टीनंही होतं. आणि नानांनी कात्री उचलली तेव्हा मी म्हटलं, "आज पंचमी आहे. आज आमच्यात चिरत-कापत नाहीत."

"अहो वहिनी, ते भाजीबद्दल!"

"कात्रीला काय कळतंय, भाजी कुठली नि कागद कुठला."

"मग उद्या?"

"उद्या बघू."

नाना घरी गेले. मी खरं सांगू? त्या दिवशी पंचमी नसती तर एकादशी काढली असती, एकादशी नसती तर अमावास्या. पण दुसरा दिवस उजाडणार होता, आणि शालनच्या त्या ओळीला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. फोनवर तरी मी काय बोलणार होते? "रडू नकोस" एवढं म्हणायला तेवढे पैसे?

दुपारी दार वाजलं. कमल. एकटीच. पॅसेंजरनं आलेली, चेहरा धुळीनं भरलेला, हातात पिशवी. आत आली, पाया पडली आणि बसायच्या आधी म्हणाली, "मावशी, पट्टी न्यायला आलीया."

"अगं, पण तुमच्याकडे यंदा सण नाही ना?"

"सण न्हाई म्हनून तर सवड घावली. न्हाईतर आज पुरणाची दिंडं उकडत बसले नसते व्हय?"

"आणि तुला काय करायचीय ती? तिकिटांचा नाद तुझ्या सासूला."

"आत्याबाईंचा नाद त्यांच्यासंगं गेला. मला त्यातलं काय कळत न्हाई, रेघ कसली आन् गोंद कसला." तिनं पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला. "पर पट्टी घरात आली की शालनताई आल्या, असं आत्याबाई म्हनायच्या. पंचमीच्या दिशी डबी समूर ठिवून ताईंच्या गोष्टी सांगायच्या. आमचं ह्ये काय बोलत न्हाईत, पर काल दोनदा म्हनलं, उद्या पंचमी हाय. दोनदा! म्या म्हनलं, कळलं, जाते."

विहीणबाई, तुमचा मितभाषी लेक एका दिवसात दोनदा बोलला. त्याच्या हिशेबात ते भाषणच झालं.

मी कमलला खरं ते सांगितलं. सकाळी कात्री बाहेर निघाली होती, फोनसाठी जोडी विकणार होते, सगळं. तुम्ही असतात तर आभाळ डोक्यावर घेतलं असतंत. ती शांतपणे ऐकत राहिली.

"फोनवर ताईंना तुमी काय सांगनार हुता?"

"तेच कळत नव्हतं गं."

"मंग आता पत्रात लिवा की. पट्टी गेली म्हनावं, वैनीनं नेली. पुढच्या पंचमीला बी नेनार. त्याला फोन कशाला पायजे?"

मी तिला जेवायला वाढलं. ती जेवली, भांडी घासायला उठली. मी हाताला धरून बसवलं. मग नानांना हाक मारली. म्हटलं, पट्टी काष्टीला चालली, पुण्याला नाही. नानांनी कमलकडे बघितलं, डबीकडे बघितलं. मला वाटलं, आता नाराज होणार. पण त्यांनी आपल्या खिशातून एक नवाकोरा पातळ कागद काढला, पट्टी चिमट्यानं त्यात सरकवली आणि कमलला सांगितलं, "ओला हात लावू नकोस, बाई. आणि दातांवर दुमडायची नाही." मग जरा थांबून, "आणि कुणी विकत मागितली तर आधी मला कळव."

"विकायची असती तर न्यायला कशाला आले असते?" कमल म्हणाली. मी तिच्याकडे नव्यानं बघितलं. इतकी वर्षं चहाचा कप घेऊन आत-बाहेर करताना ही पोरगी सगळं ऐकत होती तर!

संध्याकाळच्या गाडीला मी तिला पोचवायला स्टेशनवर गेले. ती खिडकीशी बसली, डबी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. मी म्हटलं, "संक्रांतीला मी येईन हां, घेऊन जायला. तुझी सासू स्वतः आणून द्यायची. पण तुला शेत, पोरं, तू कशाला येतेस? मी येईन."

"या की. पर सांगून ठिवते मावशी, सहजासहजी देनार न्हाई. मी काय आत्याबाईंसारखी गरीब न्हाई."

तुम्ही, आणि गरीब! गाडी हलली तरी मी फलाटावर एकटी हसत उभी होते. शेजारचा हमाल माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी मी शालनला पत्र लिहिलं. तुमची सून कशी आली, काय बोलली, तुमचा लेक दोनदा कसा बोलला, एकही शब्द न गाळता लिहिलं. तीन पानं झाली. पाकीट वजनाला टाकलं तर पोस्टातला कारकून म्हणाला, "आजी, जाड आहे, जादा तिकिटं लागतील."

मी म्हटलं, "लावा."